स्विचवरची रुई

बिल आलं तो मंगळवार होता. भगवानरावांनी ते तीनदा वाचलं. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून आणि एकदा गॅलरीत उन्हात नेऊन. तिन्ही वेळा आकडा तोच निघाला. दोन हजार एकशे चाळीस.

घर एका माणसाचं. यवतमाळात, दारव्हा रोडला, तिसऱ्या मजल्यावर. हॉल, एक खोली, आणि स्वयंपाकघर एवढं लहान की दोघं आत शिरली तर एकाला बाहेर यावं लागे. इंदुताई जाऊन चौदा महिने झाले होते, त्यामुळे आता तीही अडचण उरली नव्हती.

घरात सगळं विजेवर चालायचं. ही करणी मुलाची, अक्षयची. इंदुताई गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात भगवानराव गॅसवर दूध ठेवून फिरायला निघून गेले होते. परत आले तेव्हा गॅस बंद होता, पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि जिन्यात शेजारी उभे होते. "दार उघडं राह्यलं म्हणून बरं झालं, लोकांना आत तरी जाता आलं," असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. ते ऐकून अक्षय पुण्याहून आला. त्यानं सिलिंडर परत केलं आणि इंडक्शनची शेगडी, गिझर, वॉशिंग मशीन असं सगळं एका टेम्पोतून आणून बसवलं.

"आता तुम्ही विसरलात तरी आग लागणार नाही," तो म्हणाला.

आग लागली नाही. बिल मात्र महिन्यागणिक चढत गेलं. आठशे, अकराशे, तेराशे. भगवानराव सरकारच्या दरवाढीला दोष देऊन ते भरत राहिले. पण दोन हजार एकशे चाळीसला सरकारही पुरेना. मग त्यांनी एक चूक केली. अक्षयला फोन लावला.

"गड्या, लाइटचं बिल जरा जास्तच आलं यावेळी."

"किती?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पण भगवानरावांनी एकतीस वर्षं कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं होतं. ग्रेडर होते ते. दुय्यम मालाला अव्वल म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नसे. त्यांनी आकडा सांगितला.



"बाबा, आमचं चौघांचं एवढं येत नाही. तुम्ही काहीतरी चालू ठेवून बाहेर जाता."

"मी काही विसरत नाही."

"दूध?"

भगवानरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे पहा," अक्षय म्हणाला, "पुढचं बिल आलं की मी येतो. असंच आलं तर सामान बांधायचं आणि पुण्याला यायचं. एकट्यानं राहणं बास झालं. मी ऐकणार नाही."

पुण्याला भगवानराव एकदा नऊ दिवस राहून आले होते. अकरावा मजला, आणि खाली उतरलं तर ओळखीचं कुत्रंही नाही. इथं ते निवृत्त झाले होते, पण मोकळे झाले नव्हते. रोज अकरा ते दोन जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यात, जायचे. कोणी पगार देत नव्हतं, पण खुर्ची देत होतं. त्यात ते साल बोंडअळीचं. अर्धा कापूस किडका, डागी. व्यापारी एक बोले, शेतकरी दुसरं बोले, आणि शेवटी दोघंही म्हणत, "भगवानराव, तुमीच पाहा जी." भगवानराव चिमटीत पुंजका धरत, दोन्ही अंगठ्यांनी ओढत, धागा डोळ्यांसमोर धरत आणि सांगत. त्यांनी सांगितल्यावर भांडण मिटे. पुण्यात त्यांच्या अंगठ्याला काहीच काम नव्हतं.

त्याच दिवसापासून त्यांनी काटकसर सुरू केली. डिसेंबरची थंडी असून गार पाण्यानं आंघोळ. फ्रिजची पिन काढून टाकली. इंडक्शनवर सकाळी फक्त चहा, रात्री चिवडा. दिवा लावायचाच नाही, अंधारात बसायचं. खालच्या मजल्यावरच्या तुळसाबाईंना वाटलं की यांचे दिवे गेले, आणि त्या मेणबत्ती घेऊन वर आल्या. भगवानराव म्हणाले, "डोळ्यांना आराम देऊन राह्यलो." तुळसाबाई मेणबत्ती तिथंच ठेवून गेल्या.

रोज संध्याकाळी जिन्याखाली जाऊन ते मीटर पाहत. आकडा पूर्वीपेक्षा जोरात पळत होता. जितकी काटकसर वाढली, तितका मीटरला चेव आला. शेवटी त्यांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं घरातली सगळी बटनं बंद करून खाली मीटर पाहिलं.

"मीटर उभंच हाय काका. त्याचा काही दोष नाही. घरात कोनीतरी वापरून राह्यलं."

"घरात मी एकटाच हाय."

"मंग तुमीच," वायरमन म्हणाला आणि पक्कड खिशात घालून निघून गेला.

इथवर भगवानरावांना नुसता राग आला होता. भीती पुढच्या शुक्रवारी वाटली. सकाळी त्यांनी फ्रिजची पिन स्वतःच्या हातानं काढली होती. दुपारी आले तर पिन लावलेली आणि फ्रिज घुरघुरतोय. शनिवारी पुन्हा काढली. पुन्हा लावलेली. गिझरचं बटन बंद केलेलं त्यांना पक्कं आठवत होतं, आणि नळाला पाणी कढत येत होतं.

ते खुर्चीत बसले आणि स्वतःची परीक्षा घेतली. इंदुताईंचं माहेर? बोरी अरब. लग्न कधी? शहात्तरचा मे, आणि वरातीच्या गाडीची बॅटरी उतरली होती. कापसाच्या सगळ्या प्रती त्यांनी ओळीनं म्हणून पाहिल्या. एकही चुकली नाही. जुनं सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे बिघाड ताजा असणार. अक्षय बरोबर बोलत होता तर.

एरवी त्यांच्या काही गोष्टी लक्षात यायला हव्या होत्या. कपाटातून इस्तरीचा शर्ट निघत होता. पण कपाटातून इस्तरीचेच शर्ट निघतात, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. पिन काढायच्या आधी आणि नंतरही फ्रिजमध्ये वाटीभर भाजी सापडायची. ती आपलीच कालची उरलेली आहे आणि आपल्या हाताला हळूहळू चव येत चालली आहे, अशी त्यांची समजूत होती.

रविवारी त्यांनी ट्रंकेतून जुनी नमुन्याची पिशवी काढली. आत सरकी काढलेली स्वच्छ रुई होती, लांब धाग्याची, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या हंगामातली. प्रत्येक बटनाच्या वरच्या फटीत त्यांनी रुईचा एकेक पुंजका बसवला. बटन दाबलं की पुंजका पडणार. पुंजके पडलेले दिसले आणि आपण दाबल्याचं आठवलं नाही, तर बॅग भरायची. असं ठरवून ते सोमवारी अकराला जिनिंगवर गेले. तिथं त्या दिवशी त्यांनी दोन ढीग सारख्याच प्रतीचे सांगितले. व्यापारी आणि शेतकरी, दोघांनीही त्यांच्याकडे चमकून पाहिलं.

दोनला घरी आले. सगळे पुंजके जागेवर होते.

भगवानरावांनी सुटकेचा श्वास सोडला. कोणी काही दाबलं नव्हतं. सवयीनं त्यांनी गिझरच्या बटनावरचा पुंजका चिमटीत घेतला आणि ओढला.

धागा तुटला.

त्यांनी पुन्हा ओढला. आखूड, मेलेला, पानाचा कचरा असलेला. त्यांनी तो खिडकीशी नेला. एकतीस वर्षांत त्यांना फसवायला लोकांनी गासड्यांत दगड भरले होते, कापसावर पाणी मारलं होतं. पण लांब धागा काढून गादीचा कापूस कोणी ठेवला नव्हता.

"हा माल माहा नाही," ते मोठ्यानं म्हणाले. रिकाम्या घरात ते चौदा महिन्यांत पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलले होते. त्यांना इतका आनंद झाला की चोर शिरल्याची काळजी करायचं पाच मिनिटं राहूनच गेलं.

मग ते खाली कोपऱ्यावरच्या जमीरकडे गेले. जमीर कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा. तो वर आला, कुलपात डोकावला, त्यावर फुंकर मारली.

"कुलूप सहीसलामत हाय काका. कोनी हात नाही लावला."

"मंग मानूस आत आला कसा?"

"चाबीनं आला असन."

"चाब्या दोनच हायेत. एक माह्याजवळ, एक अक्षयजवळ."

"आन त्या तीन?"

"कोनत्या तीन?"

"ताईनं बनवल्या होत्या ना! दवाखान्यात भरती व्हायच्या आधी. तीन दे म्हने, आन चांगल्या घास, अडकल्या नाही पायजे." जमीरनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाले नाही सांगतलं?"

सांगितलं होतं. भगवानरावांना आता आठवलं. दवाखान्यात, सलाइन चालू असताना, इंदुताई किल्ल्यांबद्दल आणि दुपारबद्दल काहीतरी सांगत होत्या. आणि ते सलाइनच्या थेंबांकडे पाहत "हो, हो" म्हणाले होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी अशा "हो, हो"वर काय काय मंजूर केलं होतं, याचा त्यांना कधीच पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते अकराला निघाले आणि साडेअकराला परत आले. जिन्यातच मिक्सरचा आवाज ऐकू आला. त्यांनी दार उघडलं.

हॉलमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या कमरुन्निसा इस्तरी करत होत्या. एका बाजूला शिवून तयार झालेल्या ब्लाउजांचा ढीग आणि त्यावर भगवानरावांचा चौकटीचा शर्ट. आत वॉशिंग मशीन गरगरत होतं. स्वयंपाकघरात तुळसाबाई इंडक्शनवर भाजी परतत होत्या आणि ओट्यावर पाच डबे उघडे मांडले होते.

"आज लवकर आले भाऊजी?" तुळसाबाई म्हणाल्या. "बसा. चहा ठेवतो."

भगवानराव आपल्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले.

"तुमी इथं काय करून राह्यल्या?"

"डबे. होस्टेलच्या चार पोरांचे. दिवाळीपासून घेतले ना मी."

"आन पाचवा?"

"पाचवा तुमचा! मंग फ्रिजात भाजी काय आपोआप येते?"

आपल्या हाताला आलेली चव भगवानरावांनी त्याच क्षणी सोडून दिली.

"भाईसाब," कमरुन्निसांनी इस्तरी उभी केली, "इंदुआपानं तुमाले बताया नाही? त्या तर म्हनल्या, यायले सांगून ठेवलं, ते हो म्हनले."

"हो म्हनलो होतो," भगवानराव म्हणाले. "आयकलं नव्हतं."

दोघी हसल्या. इंदुताईंच्या मैत्रिणी होत्या, त्यांना हे नवीन नव्हतं.

"त्या म्हनल्या," कमरुन्निसा सांगू लागल्या, "दुपारी घर खाली राह्यते, तुमी तिथंच आपले काम करत जा. बंद घराले वास येते. आन हा मानूस रिकाम्या घरात आला तर जेवनार नाही."

"आन फ्रिजची पिन?"

"ते तर पाहा ना!" तुळसाबाई झारा घेऊन बाहेर आल्या. "रोज काढलेली राह्ये. म्या म्हनलं, भाऊजी बिचारे विसरून जातेत. म्हनून रोज लावून देतो."

"गिझर?"

"तुमी थंड्या पान्यानं आंघोळ करता म्हने. मरता का या थंडीत? म्हनून जाताना लावून देतो. सांजच्याले हातपाय धुवाले तरी गरम भेटते."

काटकसर केली की बिल वाढतं, याचं कोडं सुटलं. भगवानरावांनी मुख्य प्रश्नाला हात घातला.

"बटनावर रुई होती."

कमरुन्निसांनी पदर नीट केला.

"ते गिर गई जी, पान्यात. मले वाटलं कोन्या बाबानं तोडगा देला असन."

"मले वाटलं इंदूच्या नावानं काही असन," तुळसाबाई म्हणाल्या. "मोडू नाही म्हनून आमी उशीतला कापूस काढून जसाच्या तसा लावला."

"कोनाच्या उशीतला?"

"तुमच्याच. दुसऱ्याचा कायले लावाव?"

सकाळपासून मान का दुखत होती तेही कळलं.

"आन ते दूध उतू गेलं," ते हळूच म्हणाले, "तवा दार उघडं राह्यलं होतं..."

"उघडं कुठचं? मी चाबीनं उघडलं," कमरुन्निसा म्हणाल्या. "त्या दिवशी चाबी नसती तर?"

चहा आला. चहा पिता पिता त्यांनी बिलाची आणि पुण्याची हकिकत सांगितली. ती ऐकून दोघींचे चेहरे उतरले. कमरुन्निसांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. तुळसाबाईंनी पोलक्यातली काढून तिच्याशेजारी ठेवली.

"दोनच," भगवानराव म्हणाले. "तिसरी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिसरीचं कोणालाच माहीत नव्हतं.

भगवानरावांचं लक्ष फडताळावरच्या बरणीकडे गेलं. इंदुताईंच्या हातचं शेवटचं कैरीचं लोणचं. त्यांनी अजून उघडलं नव्हतं. उघडलं की संपेल. इंदुताई दर आठ दिवसांनी ते हलवायच्या. नाही हलवलं तर बुरशी येते म्हणायच्या.

"लोनचं कोन हलवते?"

"मी नाही," कमरुन्निसा म्हणाल्या. "मले वाटलं तुळसाबाई."

"मले वाटलं भाऊजी."

तुळसाबाईंनी बरणी उतरवून फडकं सोडलं. वर तेलाचा थर, खाली फोडी लाल, बुरशीचा ठिपकाही नाही. ढवळायचा लाकडी डाव आतच होता. तिघांनी वास घेतला आणि बरणी परत वर ठेवली. भगवानरावांनी टेबलावरच्या दोन्ही किल्ल्या उचलल्या आणि जिच्या तिला दिल्या.

"ठेवा," ते म्हणाले. "पोराचं मी पाहतो."

जानेवारीतलं बिल दोन हजार सहाशेचं आलं आणि त्यामागोमाग रविवारी अक्षय आला, रिकामी सूटकेस घेऊन. भगवानरावांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. अक्षय ऐकता ऐकता उभा राहिला.

"म्हणजे तुमच्या बिलावर दुसऱ्यांचे डबे? बाबा, आजच्या आज कुलूप बदलायचं!"

"जमीर रविवारी दुकान नाही उघडत. आधी जेव."

फ्रिजमधून पाटवडीचा रस्सा निघाला. अक्षयनं पहिला घास घेतला आणि त्याचा आवाज अर्धा झाला. दुसऱ्या वाटीनंतर तो विचारू लागला.

"रोज अकरा ते दोन त्या इथं असतात?"

"रोज."

"तुमचे कपडे, जेवण?"

"मलेही आताच कळलं."

"आणि तुम्ही काही विसरत नव्हता."

"दूध विसरलो होतो," भगवानराव म्हणाले. दुय्यम ते दुय्यम.

अक्षय बोटं चाटत थोडा वेळ फडताळाकडे पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "आईनं हे सगळं दवाखान्यातून केलं?"

"सलाइन चालू होतं तवा."

अक्षयनं ग्राहक क्रमांक उतरवून घेतला. बिल यापुढे तो फोनवरून भरणार होता. सूटकेस रिकामी परत गेली नाही. तुळसाबाईंनी त्यात शेवया, कुरड्या आणि नातवांसाठी लाडू भरले.

मार्चमध्ये कमरुन्निसा भाचीच्या लग्नाला फुलसावंगीला गेल्या आणि तिथंच वीस दिवस रमल्या. होस्टेलच्या पोरांना परीक्षेआधीची सुटी लागली, म्हणून तुळसाबाई लेकीकडे जाऊन राहिल्या. बिल आलं सहाशे दहा. भगवानरावांनी ते एकदाच वाचलं, तेही चष्म्याशिवाय. समाधानानं ते जिनिंगवर जायला निघणार एवढ्यात फोन वाजला.

"बाबा!" अक्षय धापा टाकत होता आणि घाईत पुण्याची भाषा विसरला होता. "बिल कमी काहून आलं? घरी कोनी येऊन नाही राह्यलं का? तुमी जेवले का? मी येऊ?"

"अरे, लग्न हाय त्यायच्याकडं. येतीन सोमवारी."

"पक्कं?"

"पक्कं. पुढच्या बारी दोन हजाराच्या खाली नाही येत बिल. मी शब्द देतो."

फोन ठेवून भगवानराव स्वयंपाकघरात गेले. वीस दिवस घरात कोणी आलं नव्हतं. निदान त्या दोघी तरी नव्हत्या आल्या. त्यांनी बरणी खाली घेतली. त्या दोघी गेल्या तेव्हा डाव डावीकडे होता, तो आता उजवीकडे होता. तेल हललेलं, बुरशी नाही.

नमुन्याच्या पिशवीत रुई अजून मूठभर शिल्लक आहे. झाकणाच्या फडक्यात एक पुंजका खोचला की तिसरी किल्ली कोणाजवळ आहे ते आठ दिवसांत कळेल.

भगवानरावांनी तो अजून खोचलेला नाही.